लेकरांना अनोळखी डायनासोर कसे सांगायचे: नाव शेवटी, हाड आधी

दरवर्षी मे महिन्यात आमच्या गंगाखेडकडच्या गावी भाचे, पुतणे, शेजारची असं धरून दहा-बारा लेकरं जमतात आणि मी त्यांना डायनासोर सांगतो. टी-रेक्स नाही, तो त्यांना दप्तरावर अन् टी-शर्टवर रोजच दिसतो. मी सांगतो ते ज्यांची नावं घरात कुणी ऐकलेली नसतात ते. ओळखीतले पालक, एक-दोन शिक्षक मला सारखं विचारतात की आम्ही पण सांगून बघितलं पण लेकरं दहा मिनिटात उठून जातात, असं का होतं? मग मी विचारतो, कसं सांगितलं? तर सगळ्यांचं एकच उत्तर. मोबाईलवर चित्र काढलं, नाव वाचलं, लांबी वाचली, वजन वाचलं, किती कोटी वर्षांपूर्वी ते वाचलं, झालं.

ह्यात माहिती चुकीची नसते, क्रम उलटा असतो. अनोळखी नाव आधी कानावर पडलं की लेकरू ते पाठ करायला लागतं अन् जनावर बाजूलाच राहतं. नाव सगळ्यात शेवटी आलं पाहिजे, आधी जनावराचा एखादा अवयव, मग ते जनावर काय खात असेल हा प्रश्न, मग अंगणात त्याचं माप, अन् मग नाव. खाली मी ज्या क्रमानं करतो तो सगळा लिहितो, पायऱ्या मागंपुढं करू नका.

तयारी: आदल्या दिवशी संध्याकाळी

सामान फार नाही लागत. किराणा दुकानातली जाडी सुतळी २५-३० मीटर, मोजायला टेप (गवंड्याचा असला तर उत्तम), लाल कापडाची एक चिंधी, कबड्डीच्या मैदानाला मारतात ती फक्की दोन किलो, आठ-आठ फुटाचे दोन बांबू, आणि प्रत्येक लेकराला कोरा कागद अन् पेन्सिल. फक्की नसली तर राखही चालते पण वाऱ्यानं उडते.

सुतळीला दर एक मीटरवर गाठ मारून ठेवा, अशा २३ गाठी. हे काम लेकरांसमोर करत बसू नका, त्यातच अर्धा तास जातो अन् सगळ्यांचा हुरूप संपतो. एका टोकाला "आज" अशी चिठ्ठी बांधा, त्या टोकापासून ६ मीटर ६० सेंटीमीटरवर लाल चिंधी बांधा.

मग डायनासोर निवडा. एका बैठकीला तीन, जास्तीत जास्त चार. मी पहिल्या वर्षी अकरा घेतले होते आणि शेवटी लेकरांना एकही धड आठवत नव्हता. निवडताना एक अवाढव्य, एक कोंबडीएवढा अन् एक आपल्या भारतातला असा मेळ बसवा, सगळे मोठेच घेतले तर तिसऱ्यापर्यंत मोठेपणाचं कौतुक संपून जातं.

सावध: मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊन आहे. मैदानातलं सगळं सकाळी आठच्या आत उरका किंवा साडेपाचनंतर घ्या, दुपारी फक्त सावलीतलं चित्र काढायचं काम ठेवा.

पायरी १: डायनासोर कोण नाही, ते आधी मिटवून टाका

ही पायरी लोक हमखास गाळतात. जत्रेत प्लास्टिकच्या डायनासोरची पिशवी मिळते ना, त्यात निम्मी जनावरं डायनासोर नसतातच. लेकरांना ती पिशवी आणायला सांगा अन् ओट्यावर ओता. पंख पसरलेला उडणारा टेरोसॉर बाजूला काढा, तो डायनासोरांचा चुलत भाऊबंद, डायनासोर नव्हे. पोहणारे लांब मानेचे प्लेसिओसॉर बाजूला. केसाळ मॅमथ तर हत्तीच्याच कुळातला. आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन, हा प्रत्येक पिशवीत असतोच असतो, तो डायनासोर यायच्या कितीतरी आधीचा आणि नात्यानं आपल्या सस्तन प्राण्यांना जवळचा.

मग ओळखायचं कसं? पायावरून. लेकरांना जमिनीवर दंड काढायच्या पवित्र्यात कोपरं बाहेर फाकवून चालायला लावा, सरडा किंवा घोरपड चालते तसं, पन्नास पावलंपण होत नाहीत, हात भरून येतात. आता त्यांना सरळ उभं राहून चालायला सांगा. डायनासोरचे पाय असे थेट अंगाखाली, खांबासारखे होते, म्हणून एवढं वजन पेलून त्यांना लांबवर चालता आलं. सगळ्यात सोपा नमुना अंगणातच फिरत असतो, कोंबडी. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, तेव्हा कोंबडीचा पाय नीट बघायला लावा, तीन बोटं पुढं, त्यावर खवले, मांडी अंगाखाली.

तपासा: एखाद्याला विचारा, मगर डायनासोर आहे का? "नाही, तिचे पाय बाजूला फाकलेले" असं उत्तर आलं तर पुढं जा. "नाही, कारण ती अजून जिवंत आहे" असं आलं तर थांबा, कोंबडी परत दाखवा.

पायरी २: सुतळीवर काळ मांडा

कोटी हा आकडा लेकरांना कळत नाही, आपल्यालापण कुठं कळतो, आपण नुसता उच्चारतो. म्हणून आकडा समजावत बसू नका. सुतळी अंगणभर ताणा आणि एवढंच सांगा की एक गाठ म्हणजे एक कोटी वर्षं. "आज"च्या टोकाला सगळ्यात लहान लेकरू उभं करा. २३ व्या गाठीला दुसरं, पहिले डायनासोर साधारण तिथले. लाल चिंधीला तिसरं, तिथं ते संपले, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी.

आता त्यांना विचारा, ह्या सुतळीवर माणूस कुठून सुरू होतो? कुणी पहिल्या गाठीला जाऊन उभं राहतं, कुणी अर्ध्या मीटरवर बोट ठेवतं. आपली जात साधारण तीन लाख वर्षांची, म्हणजे ह्या सुतळीवर तीन सेंटीमीटर, साधारण दोन बोटांची रुंदी. ते बोटानं दाखवा अन् जरा वेळ गप्प राहा, लेकरं आपोआप मागं वळून २३ व्या गाठीकडं बघतात.

मग आजच्या बैठकीतले डायनासोर आपापल्या गाठीवर ठेवा, कागदाच्या चिठ्ठीवर नुसते १, २, ३ असे आकडे टाकून, नावं नाही. बाजूनं एक गंमत जरूर करा. पाठीवर पाट्या असलेला स्टेगोसॉरस सगळ्यांना माहिती असतो, तो १५ व्या गाठीला ठेवा अन् टी-रेक्स लाल चिंधीपाशी. दोघांमधलं अंतर लेकरांना पावलांनी मोजू द्या, मग टी-रेक्स ते "आज" मोजू द्या. टी-रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा निघतो. दोघांची झुंज दाखवणारं चित्र कुणाच्या घरी भिंतीवर असलं तर ते लेकरू लगेच सांगतं की ते चित्र चुकलंय. अन् पहिल्या पायरीतल्या डायमेट्रोडॉनला जागा विचारली तर सुतळी संपल्यावर अजून पाच मोठी पावलं टाकून तिथं ठेवा.

सावध: "सगळे डायनासोर एकदम राहत होते" हा समज इथंच मोडला पाहिजे, इथं राहिला तर पुढच्या प्रत्येक गोष्टीत घुसतो.

पायरी ३: एकच हाड द्या अन् बाकीचं त्यांना काढू द्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, हिला वेळ कमी देऊ नका. जमिनीवर दोन बांबू शेजारी शेजारी ठेवा, प्रत्येक जवळपास आठ फूट. सांगा की मंगोलियाच्या गोबी वाळवंटात १९६५ साली एका डायनासोरचे हात सापडले, एकेक हात एवढा, २.४ मीटर, प्रत्येकाला तीन बोटं अन् वाकडी नखं. बाकी अंग जवळजवळ काहीच नाही. आता हे जनावर कसं दिसत असेल ते कागदावर काढा.

ह्यानंतर वीस मिनिटं तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. कुणी विचारलं "मामा, दात काढू का?" तर उत्तर द्यायचं नाही, उलटं विचारायचं, "तुला काय वाटतं, हे काय खात असंल?" मागच्या वर्षी दहातल्या सात जणांनी राक्षस काढला, सुळे, रक्त, सगळं. सहावीतल्या माझ्या भाचीनं मात्र झाडाची फांदी खाली ओढणारं जनावर काढलं अन् शेजारी लिहिलं, "हात लांब कामून? तर पाला वर आहे म्हणून." तिचं चित्र बरोबर की चूक हा मुद्दाच नाही, तिनं हातावरून पोटाकडं विचार नेला, शास्त्रज्ञसुद्धा हेच करतात.

सगळ्यांची चित्रं भिंतीला टेकवून ठेवली की मग सांगा. शास्त्रज्ञांनापण उरलेलं अंग कळायला २०१४ साल उजाडलं, म्हणजे ४९ वर्षं. आणि निघालं काय, तर ११ मीटर लांब, पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं, दात एकही नाही, अन् पोटाच्या जागी माशांचे अवशेष. पाला पण खायचा, मासे पण. वशिंड म्हटल्याबरोबर लेकरांना जनावर डोळ्यासमोर दिसतं, तुम्हाला वेगळं वर्णन करावं लागत नाही. नाव आता सांगा: डायनोकायरस, म्हणजे भयंकर हात.

अजून एक हवा असेल तर तोंडापासून सुरू करा. चपटं फावडं आणा, त्याची पुढची सरळ कड दाखवा अन् सांगा की ह्या जनावराचे सगळे दात अशा एका सरळ रेषेत तोंडाच्या अगदी पुढं होते, त्यांच्या मागं नव्या दातांच्या रांगा तयारच, मिळून ५०० च्या वर, जुने झिजले की साधारण पंधरवड्यात नवे पुढं. अशा तोंडानं काय खाणार? गुरं राखणारं लेकरू पटकन सांगतं, खालचं, म्हैस चरती तसं. बरोबर. जमिनीलगतचा पाला खुरडून खाणारा नायजरसॉरस, आफ्रिकेतल्या नायजर देशातला, सुतळीवर ११ व्या गाठीच्या आसपास. गवत मात्र म्हणू नका, त्या काळी तिथं आजच्यासारखी गवताची कुरणं नव्हती.

पायरी ४: अंगणात माप आखा

"चौदा मीटर" असं तोंडानं सांगून काही होत नाही. लेकरांना मैदानात एकाच्या पायाला दुसऱ्याचं डोकं लावून आडवं झोपवा, चौथी-पाचवीतली दहा लेकरं झोपली की साधारण १४ मीटर होतात. त्यांच्या दोन्ही बाजूनं फक्की मारा, मग उठवा. आपल्या एसटीपेक्षा लांब. हा बारापासॉरस, आपल्याच गोदावरीच्या खोऱ्यातला. त्याचं एकट्या मांडीचं हाड १.७ मीटर. गावातल्या एखाद्या उंच माणसाला लिंबाच्या झाडाला पाठ लावून उभं करा, डोक्यावर खडूनं रेघ ओढा, साधारण एवढी मांडी. लेकरं त्या रेघेपाशी जाऊन उभी राहतात अन् रेघ कुठवर आहे ते बघतात, दोन दिवस तो खेळ चालतो.

त्याच फक्कीच्या आत, पायाच्या पंजापाशी, ७० सेंटीमीटरचं एक चित्र काढा, शेपटीसकट. हा मंगोलियातला, २००७ साली नाव मिळालेला. नाव काय असेल विचारा. चिमणी, पिल्लू, छोटू अशी उत्तरं येतात. नाव आहे महाकाल. खरंच, शास्त्रीय नावच महाकाला आहे, बौद्ध परंपरेतल्या रक्षक देवतेवरून ठेवलेलं. औंढा नागनाथाला महादेवाच्या दर्शनाला जाऊन आलेली लेकरं ते नाव जन्मभर विसरत नाहीत.

तिसरा राजासॉरस काढा, साडेसहा मीटरच्या जवळपास, दोन पायांवर, मांसाहारी, कपाळावर एकच बुटकं गोल शिंग. गुजरातमधल्या रहिओली गावाजवळ हाडं सापडली, २००३ साली नाव मिळालं.

सावध: वजनाचे आकडे सांगू नका. हाडावरून वजन काढायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, पुस्तकापुस्तकात टनांचा फरक पडतो, मग लेकरं दोन पुस्तकं घेऊन तुमच्याशी भांडतात. लांबी सांगताना पण "जवळपास" म्हणायची सवय ठेवा.

पायरी ५: नाव फोडून सांगा

नाव पाठ करून घ्यायचं नाही, फोडायचं. "सॉरस" म्हणजे सरडा, एवढं एकदा कळलं की निम्मं काम झालं.

बारापासॉरसला आपल्याकडं एक नक्की घोळ होतो. लेकरं विचारतात, ह्याला बारा पाय होते का? हसण्यावारी नेऊ नका, मराठी कानाला ते तसंच ऐकू येतं. सांगा की हा शब्द बंगाली आहे, तिकडं "बडा पाय" असा अर्थ. हाडं खणून काढणारे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे होते, १९६१ साली रवींद्रनाथ टागोरांची जन्मशताब्दी होती म्हणून पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय. त्याच संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं (ISI) घेऊन इसिसॉरस हे नाव झालं. हा आपल्या महाराष्ट्रातला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा, आखूड जाड मान अन् पुढचे पाय लांब, दंडाचं एक हाडच जवळपास दीड मीटर.

तपासा: लेकराला त्याच्या गावाचं नाव घेऊन नवीन डायनासोरला नाव द्यायला सांगा. परभणीसॉरस, पाथरीसॉरस अशी नावं आली अन् त्यातलं "सॉरस" म्हणजे काय हे त्याला सांगता आलं तर पायरी झाली.

पायरी ६: शास्त्रज्ञ चुकले ते पण सांगा

बरेच मोठे लोक हे टाळतात, त्यांना वाटतं लेकरांचा विश्वास उडेल. माझा अनुभव उलटा आहे. ओव्हिरॅप्टरची गोष्ट सांगा. १९२३ साली मंगोलियात अंड्यांच्या घरट्यावर एका डायनासोरचा सांगाडा सापडला, अंडी दुसऱ्या जातीची समजली गेली, म्हणून पुढच्या वर्षी नाव पडलं ओव्हिरॅप्टर, अंडीचोर. सत्तर वर्षं तो चोर म्हणूनच पुस्तकात राहिला. १९९३ साली तसल्याच एका अंड्यात पिल्लाची हाडं सापडली अन् ते पिल्लू निघालं ह्याच्याच कुळातलं. पुढं त्याच कुळातल्या चितिपतीचे सांगाडे घरट्यावर बसलेले मिळाले, दोन्ही हात अंड्यांवर पसरलेले. (चितिपती हे नाव चिता अन् पती ह्या आपल्या ओळखीच्या शब्दांतूनच आलंय.)

इथं खुडूक बसलेली कोंबडी दाखवता आली तर बघा, दुसरं काही लागत नाही. पंख कसे पसरते, जवळ गेलं की कशी फुगते. हे ऐकताना आमची आई शेंगा फोडत बसली होती, ती एकदम म्हणाली, "माय, म्हणजे उगंच आळ घेतला की त्याच्यावर." अन् लेकरांनी लगेच विचारलं की मग नाव का नाही बदललं? नियम असा आहे की एकदा रीतसर दिलेलं शास्त्रीय नाव, अर्थ चुकीचा निघाला म्हणून बदलत नाहीत. हे त्यांना अजिबात पटत नाही, वाद घालू द्या.

पायरी ७: "आपल्या शेतात सापडतील का?"

हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. मराठवाड्याचा बहुतेक काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर वाहून आलेला, वेरूळची लेणी त्याच खडकात कोरलेली. तापलेल्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. हाडं टिकतात नदी-तळ्याच्या गाळात. म्हणून आपली गंगा, म्हणजे गोदावरी, पैठण, गंगाखेड, नांदेड करत तेलंगणात जाते अन् पुढं सिरोंच्याकडं तिला प्राणहिता मिळते, त्या भागात बारापासॉरस, कोटासॉरस सापडले. सुतळीवर दाखवा, आपल्या पायाखालचा खडक लाल चिंधीपाशी, बारापासॉरस १८ व्या गाठीच्या आसपास.

आता दोन ठरलेल्या चुका. पहिली, विहिरीच्या किंवा रस्त्याच्या कापणीत गोल गोल धोंडे दिसतात, पापुद्रे सुटणारे, अन् लेकरं अंडं म्हणून घरी घेऊन येतात. खडक कोपऱ्यांकडून झिजत जातो म्हणून तो गोल होतो, कांद्यासारखा थरावर थर. फोडून दाखवा. डायनासोरच्या अंड्याला बाहेर एकच पातळ कवच असतं, आत थर नसतात. खरी अंडी मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात सापडली आहेत, २०२३ साली तिथल्या ९२ घरट्यांतल्या २५६ अंड्यांची माहिती प्रसिद्ध झाली. लेकराला खोटं पाडू नका, त्यानं आणलेल्या धोंड्यावर तारीख अन् जागा लिहून ठेवू द्या.

दुसरी चूक मोठ्यांची: लोणारच्या उल्केनं डायनासोर मेले. लोणारचा खड्डा ह्याच काळ्या खडकात पडलाय, म्हणजे खडक आधी, खड्डा नंतर, बऱ्याच नंतर. हे लेकरांनाच विचारून काढून घ्या, त्यांना जमतं. डायनासोरांच्या वेळचा खड्डा मेक्सिकोत आहे, रुंदी जवळपास १८० किलोमीटर, लोणारचा दोन किलोमीटरसुद्धा नाही.

अन् शेणाची गोष्ट राखून ठेवा, लेकरं कंटाळली की काढा. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ साली त्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचं प्रसिद्ध झालं, तोवर डायनासोरांच्या काळात गवत होतं ह्याचा असा पक्का पुरावा नव्हता. आमच्याकडं ह्यावर एका पोरानं थेट गोठ्यात जाऊन म्हशीचं वाळलेलं शेण फोडलं अन् आतल्या काड्या वेगळ्या करून कागदावर मांडल्या. त्याला मी काहीच शिकवलं नव्हतं.

पायरी ८: खरा सांगाडा बघायला न्यायचं असेल तर

नांदेड-परभणीकडून हैदराबाद सोयीचं, तिथं बिर्ला विज्ञान संग्रहालयात कोटासॉरसचा सांगाडा उभा आहे, अनेक जनावरांची हाडं जुळवून उभा केलेला. बारापासॉरस बघायचा तर कोलकात्याला जावं लागतं. आधी घरी सगळ्या पायऱ्या झालेल्या असू द्या, नाहीतर लेकरं सांगाड्यासमोर फोटो काढून दोन मिनिटात पुढं जातात. सुतळीचा दोन मीटरचा तुकडा प्रत्येकाच्या खिशात द्या. कठड्याबाहेर उभं राहूनच, हाडाला हात न लावता, एक डोळा मिटून सुतळी ताणायची अन् विचार करायचा की मांडी आपल्या लिंबावरच्या रेघेएवढी आहे का कमी. मग पाटी वाचायची. पाटीवरचं नाव सगळ्यात शेवटी.